कढईपाशीची जागा

हल्ली बायका मला फोन करून विचारतात, ताई, आम्हालाही घरून काहीतरी सुरू करायचंय, सुरुवात कुठून करू? कुणी पापडाचं म्हणते, कुणी शेवयांचं. एकीला केस वाढवायचं तेल करायचं होतं आणि तिचे स्वतःचे केस जेमतेम कानापर्यंत होते. मी सगळ्यांना तेच सांगते. अन्नाचा परवाना आधी काढा, तो ऑनलाइन निघतो, सेतूवाल्याकडे दोन चकरा होतात एवढंच. पाकीट बंद करायचं मशीन पहिल्या महिन्यात घेऊ नका, मेणबत्तीच्या आचेवरही पाकीट चिकटतं. धणे जालन्याच्या मोंढ्यातून स्वतः बघून आणा, फोनवर मागवाल तर निम्म्या काड्या येतील. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण सांगताना माझं लक्ष फोनमध्ये नसतं. मला दुपार दिसत असते.

ती नेमकी कोणती दुपार, हे मला सांगता येणार नाही. बऱ्याच दुपारी एकमेकींत मिसळून तिची एकच होऊन बसली आहे. केदारखेड्याला आमच्या गल्लीत माघ संपत आला की ऊन असं पडतं की छताचे पत्रे बारीक आवाज करायला लागतात. कुत्री सावल्यांमागे सरकत राहतात. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यावर काळी लोखंडी कढई, आणि कढईपाशी माझ्या सासूबाई. हातात लांब दांड्याचं उलथनं. त्या बोलत नाहीत, मी बोलत नाही. मी भिंतीला टेकून धणे पाखडता पाखडता कधी पेंगते ते मलाच कळत नाही, आणि पेंगेतही खोबऱ्याचा वास येत राहतो. जागी होते तेव्हा ऊन हातभर पुढे गेलेलं असतं आणि त्या तशाच बसलेल्या असतात.

त्या भाजत असायच्या तो येसर. आमच्याकडे तो घरोघरी असतो, पण बाहेरच्यांना सांगावा लागतो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, मिरची आणि खडा मसाला हे सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. त्याची दाट, काळपट आमटी होते. ती भाकरीवर ओतली की जेवणाऱ्या माणसांचं बोलणं थांबतं. लग्न ठरलं की मांडव पडायच्या आधी येसराचा दिवस धरतात. गल्लीतल्या बायका जमतात, जात्यात पहिली मूठ सवाष्णी टाकतात, गाणी होतात, आणि बाकीचं गिरणीवर जातं. पण जात्याच्या आधी कढई असते. येसर साधतो किंवा बिघडतो तो तिथे, आणि आमच्या गल्लीत मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून त्या कढईपाशी माझ्या सासूबाईच बसत आल्या होत्या.

सासरे गेले तेव्हा त्यांना पन्नाशीही लागली नव्हती. त्यानंतर कुणाच्या घरी हळद लागायची वेळ झाली की त्या मागे सरकायच्या. ओटी भरायची वेळ आली की स्वयंपाकघरात काहीतरी शोधायला जायच्या. जा असं कुणी म्हणत नसे, त्याच जायच्या, आणि त्या जाण्याचा मला आजही संताप येतो. येसराच्या दिवशी मात्र लग्नघरची बाई स्वतः दारात यायची आणि म्हणायची, ‘काकू, तुम्ही आल्याबिगर कढई चढायची न्हाई.’ त्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसायच्या, केस चापून बसवायच्या आणि आमच्याकडे न बघता निघायच्या. साऱ्या मंगल कार्यात तेवढी एकच जागा त्यांच्यासाठी उरली होती. तिचा त्यांना किती आधार होता, हे मला तेव्हा कळत होतं असं म्हटलं तर ते खोटं होईल.

मग ती मोठी साथ आली. तिच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांनाच ताप आला. मी आणि आमचे हे आठवड्यात उठलो. हे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरायचं काम करतात, त्यांना फार दिवस पडून राहणं जमत नाही. सासूबाईंना मात्र महिना लागला. जेवण मातीसारखं लागतंय म्हणायच्या. एके सकाळी त्याच म्हणाल्या, ‘आला बाई वास, आला,’ आणि आम्ही तो विषय सोडून दिला. लग्नं तेव्हा चार माणसांत उरकत होती, येसर भाजायला कुणी कुणाला बोलवत नव्हतं. आमच्याही घरात तापाच्या आधी भाजलेल्या येसराची मोठी बरणी होती, ती पुरून उरली.

शाळेसमोर आमची झेरॉक्सची टपरी होती, ती मी बघायचे. शाळा बंद पडली, आणि उघडली तेव्हा सगळे कागद फोनमध्ये गेलेले. मशीनवर पोतं टाकून मी घरी बसले. मला घरी बसता येत नाही. मी डबे पुसते, पुसलेले परत पुसते आणि सगळ्यांवर ओरडते. तिसऱ्या आठवड्यात हे म्हणाले, ‘तू काही तरी सुरू कर, न्हाई तर मीच घर सोडून जातो.’

जालन्याला बचत गटाच्या बायकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे गेले. शिकवायला एक तरुण सर होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘बरोबर ना?’ त्यांनी विचारलं, तुमच्या घरात अशी कोणती गोष्ट आहे, जी दुसऱ्या कुणाकडे नाही? मी म्हणाले, ‘माझी सासू.’ सगळ्या हसल्या. मी चेष्टा करत नव्हते. मी येसराचं सांगितलं तेव्हा सर खुर्चीतून पुढे सरकले. त्यांनी दोन गोष्टी मला दोनदा बजावून सांगितल्या. पहिली, आधी नमुना वाटा आणि लोकांचं मत घ्या. दुसरी, माल वेगळा आणि घर वेगळं ठेवा, विकायच्या पाकिटात घरचा चमचा जाता कामा नये. मी दोन्ही वहीत उतरवून खाली लाल रेघ मारली.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘म्हंजी माझ्या हातचा येसर दुसऱ्या गावाला बी जाईल?’

‘जालन्याला जाईल, परतूरला जाईल. कुठंही जाईल.’

‘लोकाला काय पडलंय त्याचं,’ असं म्हणून त्या निवडत राहिल्या. पण निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यांत टाकत होत्या. मला हसू आलं. मला त्या वेळी त्यांच्यावर फार माया आली होती, आणि मी ती बोलून दाखवली नाही.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. आजही डोळे मिटले की मी तिथेच असते. चुलीतला धूर सरळ वर जातो, कडुनिंबाचं पिकलेलं पान अंगणात पडतं, लांब कुठेतरी कुणाचा तरी ट्रॅक्टर एका सुरात चाललेला असतो. सासूबाई कढईवर वाकतात, पण पूर्वीसारखं तोंड पुढे करून नाही. मान तिरपी करतात, कान कढईकडे. मी ते रोज बघत होते. मला वाटायचं, वय झालं, मानेला रग लागत असेल. एकदोनदा मला धण्यांचा वास जरा उग्र वाटला. मी म्हणालेही, ‘आत्याबाई, जरा जास्त झालं का?’ त्यांनी उलथनं थांबवलं आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मी सूप उचलून आत गेले. भाजणीच्या बाबतीत त्यांना काही सांगायची माझी बिशाद नव्हती. मला वाटलं, झेरॉक्सवालीला काय कळतं.

पाकिटं तयार झाली. त्यावर चिकटवायला पिवळ्या कागदावर लाल अक्षरात लेबलं छापून आणली, ती उन्हात महिन्याभरात गुलाबी होतात हे मला नंतर कळलं. नमुन्यासाठी पस्तीस छोट्या स्टीलच्या डब्या आणल्या, त्या भरल्या आणि घरोघर दिल्या. प्रत्येकीला सांगितलं, खाऊन बघा आणि कसा वाटला ते खरं सांगा. सगळ्यांनी माना हलवल्या.

त्या सरांना आमच्याकडची एक रीत ठाऊक नसावी, आणि मला ठाऊक असून मी विसरले होते. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. कुणी वाटीभर भाजी दिली तर वाटीत चिमूटभर साखर तरी घालून परत करायची, नाही तर दोन बोरं, ओंजळभर हुरडा, काहीतरी. डब्या आठ दिवसांत परत यायला लागल्या. मी पहिली उघडली तर आत येसर होता, आमचा नाही, त्यांच्या घरचा. दुसरीत येसर. पाचवीत, अकरावीत येसर. कुणाचा विटकरी, कुणाचा काळा, कुणाचा बाजरीने भरभरीत. पस्तीसपैकी एकोणतीस डब्या येसराने भरून आल्या.

मी डोक्यात राख घालून घेतली. साखर नव्हती यांच्याकडे? बोरं संपली होती? आम्ही येसराचा धंदा काढतो म्हटल्यावर यांना आपापला येसर दाखवायची हौस आली, असं माझं मत झालं. आणि मत विचारायला जावं तर प्रत्येकीचं उत्तर एकच. ‘चांगलाय की.’ कसा चांगलाय? ‘चांगलाय बिलकुल.’ शेजारच्या मावशींकडे तर मी तीनदा गेले. आमची भिंत एक, एकीने ठेचा कुटला की दुसरीला शिंक येते, अशा त्या मावशी. त्यासुद्धा खाली बघून म्हणाल्या, ‘चांगलाय गं. काकूच्या हातचा हाय, त्याला काय व्हतंय.’ मी घरी येऊन सगळ्या डब्या पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात उलट्या केल्या आणि तो कोपऱ्यात सरकवला. मावशींची तेवढी राहिली, कारण तिचं झाकण निघेना.

चतुर्थीला राजूरला गणपतीच्या दर्शनाला गर्दी होते. नारळ-फुलांच्या दुकानांच्या रांगेच्या शेवटी, रसवंतीशेजारी मी एक टेबल टाकलं. माणसं कुठून कुठून आलेली, त्यांना आमच्या गल्लीची रीत नव्हती. त्यांनी पाकीट हातात घेतलं, लेबल वाचलं आणि पिशवीत टाकलं. दुपार टळायच्या आत टेबल रिकामं. परत येताना जीपमध्ये मी खिडकीशी बसले होते, दोन्ही बाजूंना हरभरा पिवळा पडत आलेला, आणि मला सगळं शिवार आपलंच वाटत होतं. घरी आल्यावर सांगितलं, ‘आत्याबाई, एकही राहिलं नाही.’ संध्याकाळी त्या दारात बसल्या आणि जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकीला हाक मारून विचारलं, जेवलीस का. संध्याकाळच्या पाच वाजता.

पुढच्या चतुर्थीला मी दुप्पट पाकिटं नेली. गर्दी तीच, पण परत घ्यायला कुणी आलं नाही. उन्हं डोक्यावर आल्यावर एक बाई टेबलासमोर उभी राहिली. परतूरची, तिनेच सांगितलं. दर चतुर्थीला नवऱ्याबरोबर यायची. तिने पिशवीतून आमचं फोडलेलं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

‘बाई, हे कडू हाय. तुमचे धणे अन् खोबरं करपून गेलंय.’

मी भांडले. तुम्ही आमटी करपवली असेल, तुमच्या तेलाचा दोष असेल, आमच्या घरात तीस-तीस वर्षं येसर भाजतात, असं काय काय बोलले. रसवंतीवाल्याने चरक थांबवला होता. ती बाई शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ‘मला पैसे न्हाई पाह्यजे. सांगून राह्यले फक्त. तुम्ही खाल्ला का हा?’

मी खाल्ला नव्हता. आमच्या घरात कुणीच खाल्ला नव्हता. नवा विकायचा म्हणून आम्ही जुन्या बरणीतला खात होतो. वहीतली ती लाल रेघ मी इतकी पाळली होती. आज मला कुणी एकच सल्ला मागितला तर मी हा देईन. आपला माल रोज आपल्या ताटात वाढा. पण तेव्हा मला सल्ला वगैरे काही सुचलं नव्हतं, मी उरलेली पाकिटं पिशवीत भरायला लागले.

घरी आले तेव्हा सासूबाई झोपल्या होत्या. मी वाटीभर आमटी केली, नव्या पाकिटातली. पहिला घोट घेतला आणि जिभेच्या मागे जळक्या कोळशाची चव बसली. चुलीपाशी बसून मी ती सगळी प्यायले, शिक्षा भोगल्यासारखी. मग मावशींच्या डबीचं झाकण सुरीने उचकटलं. तीन वाट्या घेतल्या. एकीत बरणीतला जुना येसर, एकीत मावशींचा, एकीत पाकिटातला. सासूबाई उठून तोंड धुऊन आल्यावर त्यांच्यापुढे ठेवल्या.

‘आत्याबाई, यातला आपला नवा कोणता?’

त्यांनी आधी रंग बघितला. चिमटीत घेऊन चोळला. मग वाटी नाकापाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. दुसरी नेली. तिसरी नेली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला कळत गेलं. त्या वास घेत नव्हत्या, वास येण्याची वाट बघत होत्या. शेवटी त्यांनी मावशींची वाटी पुढे सरकवली. ‘ह्यो.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाटी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला.

‘न्हाई येत गं वास,’ त्या म्हणाल्या. ‘तापात गेल्ता, तो आलाच न्हाई. जिभंला बी कायच कळत न्हाई.’

‘मग सांगायचं नाही?’ माझा आवाज चढला. ‘आला आला म्हणून सांगितलंत आम्हाला!’

‘सांगितलं असतं तर कढईपाशी कुणी बसू दिलं असतं मला?’ त्या म्हणाल्या. ‘मंग कार्यात मी जायचं तरी कशाला? कोपऱ्यात बसाया?’

मला त्यांचा राग आला होता, माझाही आला होता, आणि दोन्ही राग एकदम विरले. मी त्यांच्याजवळ बसले. रडणं मला जमत नाही, मी त्यांच्या पायाला लागलेली राख पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेले. त्या गोधडीला टाके घालत होत्या. मी म्हणाले, ‘मावशी, तुम्हाला माहीत होतं.’ त्यांनी सुई थांबवली नाही.

‘समद्यांलाच कळालं व्हतं. पहिल्याच घासाला.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘काय सांगायचं? काकूच्या हातची कढई आम्ही काढून घ्यायची?’ त्यांनी दात लावून दोरा तोडला. ‘म्हणलं, आपलाच येसर घालून द्यावा डबीत. घरात तरी बराबर खातील. अन् जमलं तर विकायच्यात मिसळतील, कुणाला समजायचं न्हाई.’

म्हणजे एकोणतीस घरांनी आमची अब्रू मूठमूठ करून डबीत घालून पाठवली होती, आणि मी ती शिव्या देत कोपऱ्यात लोटली होती. मला मान वर करवेना. पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. त्या मायेने आमचा धंदा बुडत होता आणि एका अनोळखी बाईच्या स्पष्ट बोलण्याने तो वाचायची शक्यता निर्माण झाली होती. ओळखीच्या माणसांकडून मत घेऊ नका, असं मी आता बायकांना सांगते. सांगताना मला मावशी आठवतात आणि जीभ अडखळते.

उरलेली पाकिटं फोडून उकिरड्यावर नेऊन टाकली. सासूबाईंनी मला फोडायला मदत केली. मग चैत्रात आम्ही परत चूल पेटवली, या वेळी दोघी मिळून.

त्या दुपारी मला सगळ्यात जास्त आठवतात. सासूबाई कढई हलवायच्या आणि मी वाकून वास घ्यायचे. त्या विचारायच्या, ‘कसा येतोय?’ आणि मला सांगता यायचं नाही. वास सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. चांगला येतोय म्हटलं की त्या चिडायच्या. ‘चांगला म्हंजी काय? कशावाणी?’ मी डोळे मिटायचे. पहिल्यांदा धण्यांचा वास ओल्या गवतासारखा असायचा, तसं सांगायचे. ‘मंग हात चालव.’ थोड्या वेळाने तो कोरडा व्हायचा, उन्हात वाळलेल्या गोधडीसारखा. ‘थांब अजून.’ मग एकदम काहीतरी बदलायचं, वासाला गोडी यायची, आणि ती मला मुळीच सांगता यायची नाही, मी नुसती हं म्हणायचे. त्याच घटकेला त्यांचा कान कढईकडे वळलेला असायचा, कारण धण्यांची तडतड तेव्हाच मंदावते. ‘आता उतरव, जल्दी!’ त्यांनी कानाने ऐकलेलं आणि मी नाकाने घेतलेलं एका जागी आलं की आम्ही दोघी कढई उतरवायचो. आठवडे गेले. कितीतरी घाणे फुकट गेले. पण मी वास सांगायला शिकले आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. कधीकधी भाजून झालं, चूल विझली तरी त्या म्हणायच्या, ‘सांग की अजून.’ मग मी अंगणात जे येईल त्याचा वास सांगत बसायचे, कडुनिंबाच्या मोहोराचा, म्हशीच्या पाठीचा, पाणी शिंपडलेल्या मातीचा. सांगता सांगता मला तो आधी कधी आला नव्हता असा यायचा. तसं सुख मला त्याआधी कुठल्याही कामात मिळालं नव्हतं.

वैशाखात मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. भिंत एक, त्यामुळे येसराचा दिवस कधी धरला ते आम्हाला कळलं होतं. सासूबाईंनी लुगडं काढून, झटकून, घडी घालून दोरीवर टाकलं होतं. बोलवायला कुणी आलं नाही. आदल्या दुपारी मावशी आल्या, त्या मागच्या दाराने, आणि माझ्याशी हळू बोलल्या. ‘तू ये उद्या कढईला. तुला बराबर जमाया लागलंय म्हणत्यात. काकूला नको तरास.’

मी काही बोलायच्या आधीच आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘जाईल ती.’

सकाळी मी एकटीच गेले. पाय ओढत गेले. मावशींच्या अंगणात बायका जमलेल्या, जातं धुऊन हळद लावून ठेवलेलं. कढई चढली होती आणि तिच्यापाशी पाट मांडला होता. मी त्यावर बसले नाही, बसवेना. पाटाशेजारी उभी राहून मी धणे टाकले आणि हलवायला लागले. गाणी सुरू झाली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, ना गाणी ना धणे.

मग गाणी थांबली. मी वळून बघितलं तर सासूबाई दारात उभ्या होत्या. नेसलेलं रोजचंच, हात कणकेने भरलेले. तशाच उठून आल्या होत्या. त्या सरळ कढईपाशी आल्या, पाटावर बसल्या आणि माझ्या हातातलं उलथनं घेतलं.

‘मला वास येत न्हाई,’ त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. ‘तापात गेला. तुम्हाला समद्यांला ठावं हाय, मला बी ठावं हाय. आता लपवायचं काय राह्यलं? मी बसणार हितं. अन् मला वास सांगायला कुणीतरी पाह्यजे.’

मी पुढे झाले, पण त्यांनी मला हाताने मागे सारलं. ‘तू न्हाई. तू घरात सांगतेस रोज.’ आणि त्यांनी मावशींना हाक मारली. मावशी पदर सावरत आल्या, शेजारी टेकल्या.

‘कसा येतोय?’

‘चांगला येतोय की, काकू.’

सासूबाई हलवत राहिल्या. धणे तडतडत होते, मग तडतड कमी व्हायला लागली. माझ्या नाकाला वास लागला होता, गोडीच्या पुढे गेलेला. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. माझ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प बसलेली नाही.

‘कसा येतोय?’ त्यांनी परत विचारलं. या वेळी त्या कढईकडे बघत नव्हत्या, मावशींच्या तोंडाकडे बघत होत्या.

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

‘करपून राह्यलाय, काकू,’ त्या म्हणाल्या. ‘उतरवा.’

सासूबाईंनी कढई उतरवली. धणे सुपात ओतले, हात फिरवून बघितला, आणि सूप उचलून बाजूला ठेवलं. ‘हे गेले. दुसरे आणा,’ त्या म्हणाल्या, आणि मावशींच्या गुडघ्यावर कणकेचा हात ठेवून त्यांना शेजारीच दाबून बसवलं. ‘अन् तू हितनं उठायचं न्हाई.’